पडवीतल्या दारामागे

म्हसळा, ९ जानेवारी २०२५

कमळताई,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पोस्टाने पाठवतेय. वाचून उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही, पण वाच.

आबांच्या तेराव्याला मी आले नाही. प्राप्तीला ताप आहे असं कळवलं होतं. ताप नव्हता. ती त्या दिवशी चांगली होती, सुपातून तांदूळ पडताना बघत बसली होती. मी खोटं बोलले.

आबा गेले त्या दिवशी तळ्याला आपल्या घरी आम्ही दोन तास होतो, मग मी तिला घेऊन निघून आले. तू चिडलीस. आबांना उचलून अर्धा तासही झाला नव्हता आणि धाकटी लेक एसटी पकडते, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. का निघाले ते तेव्हा सांगता आलं नाही. माजघरात बायका बसल्या होत्या. प्राप्तीने दारामागे जाऊन डायपर काढला आणि तिथेच केलं. मी माझ्या पदरानं पुसलं. आपली धाकटी काकू म्हणाली, "चार वर्षांची घोडी, अजून कळत न्हाय? आयशीला तरी लाज हाय का?" तू बाहेर पुरुषांच्यात होतीस.

दुसरी गोष्ट. प्राप्ती दोन वर्षांची असताना तू मला म्हणाली होतीस, "हाक मारली तर ही बघत नाही. पूनम, हिला कुणाला तरी दाखव." तेव्हा मी तुला काय काय बोलले ते तुला आठवतच असेल. अंगणवाडीत शिकवतेस म्हणून डॉक्टर झालीस का, असंही म्हणाले होते. गेल्या ऑक्टोबरात पनवेलला दाखवलं. ऑटिझम आहे. तू आधी ओळखलं होतंस. हे सांगायला मला तीन महिने लागले.

आता खरं कारण. आमच्या गावच्या बालवाडीत जूनमध्ये तिचं नाव घालायचंय. तिथल्या बाई सांगतात, डायपर असेल तर घेणार नाही. आणि हर्षद म्हणतात, रोह्याच्या चाळीत संडास सामाईक आहे, शेजारी सगळे कंपनीतले, अशा पोरीला तिथे कसं ठेवायचं. डायपर सुटला की तुम्हा दोघींना घेऊन जातो. हे ते दीड वर्ष म्हणतायत. दर शनिवारी येतात, रविवारी दुपारी जातात. मी इथे सासूबाईंबरोबर.

तुझ्याकडे पंचवीस पोरं येतात. तू त्यांना कसं शिकवतेस?

पूनम


म्हसळा, २ फेब्रुवारी २०२५

कमळताई,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते. मला दुसरं कुणी नाही जिला हे सगळं सांगता येईल.

माणगावला दर गुरुवारी तेजस्वी मॅडम येतात. अशा मुलांना शिकवणाऱ्या. वय फार नाही, पण घाई नाही त्यांना. मी विचारलं, डायपर कसा सोडवायचा? त्या म्हणाल्या, दोन वाटा आहेत.

एक वाट झटपट. डायपर एकदम बंद. दिवसभर पाणी, सरबत पाजायचं आणि दर अर्ध्या तासाने खाली भांडं असलेल्या छोट्या खुर्चीवर बसवायचं. झालं की लगेच आवडीची वस्तू द्यायची. काही मुलं यानं आठ-दहा दिवसांत शिकतात. पण घरात दोन माणसं पाहिजेत, आणि मूल घाबरायला लागलं तर तिथल्या तिथे थांबायचं.

दुसरी वाट सावकाश. मूल आत्ता कुठे जातं, कसं करतं, ते आधी बघायचं. तिथूनच सुरू करायचं आणि एकेक पायरी. डायपर शेवटी सुटतो, आधी नाही. याला सहा महिने लागतील, वर्षही लागेल.

मी विचारलं, "जूनपर्यंत होईल?"

त्या म्हणाल्या, "जून कुणाचा? तुमचा की प्राप्तीचा?"

मला राग आला. ज्यांना रोज धुवावं लागत नाही त्यांना असं विचारणं सोपं आहे, असं वाटलं.

सासूबाईंची तिसरी वाट आहे. "डायपर फेकून दे. ओली ऱ्हायली की कळंल. हर्षदला मी असाच शिकवला." त्यांना डायपर म्हणजे माझा आळस वाटतो. शेजारी कुणी आलं की मी दोरीवरचे कपडे आधी आत घेते, कारण त्या मोजून दाखवतात किती धुतले.

शनिवारी यांना दोन्ही वाटा सांगितल्या. ते जेवत होते. म्हणाले, "आठ दिवसांत होतंय तर वर्ष कशाला घालवायचं?" दोन माणसं पाहिजेत म्हटल्यावर म्हणाले, सोमवार-मंगळवार रजा काढतो. मग आम्ही झटपटच ठरवलं. म्हणजे मीच ठरवलं. जून मलाही हवा आहे, ताई. या घरात पहाटेपासून मी घड्याळाकडे बघत असते. बाजाराला जायचं तर तासाचा हिशेब, लग्नाला तर जातच नाही. दिघीहून फेरीबोटीने पलीकडे जायचं असं लग्न झाल्यापासून चाललंय. इथून किती लांब आहे ते? मी अजून गेले नाही.

पुढच्या सोमवारी सुरू करतोय.

पूनम


म्हसळा, १५ फेब्रुवारी २०२५

कमळताई,

जमलं नाही. यांना रजा मिळाली नाही. मी एकटीनेच सुरू केलं होतं. तिसऱ्या दिवशी प्राप्तीला जरा त्रास झाला म्हणून दवाखान्यात नेलं. आता बरी आहे. खाते-पिते.

उजव्या हाताला खरचटलं आहे, म्हणून अक्षर असं.

माणगावच्या मॅडमना मी कळवलं की सर्दी झाली, म्हणून थांबवलं.

बाकी ठीक.

पूनम


म्हसळा, ११ मार्च २०२५

कमळताई,

मागचं पत्र फाडून टाक. ते मी सासूबाई शेजारी बसल्या असताना लिहिलं होतं आणि त्यातलं अर्धं खोटं आहे. आज त्या वाडीत बारशाला गेल्यात.

त्या सोमवारी सकाळी मी डायपर काढला. खुर्ची न्हाणीत ठेवली होती. मोबाइलवर अर्ध्या अर्ध्या तासाचा गजर लावला. पहिल्या दिवशी ती बसली, उठली, आणि बाहेर येऊन पायपुसण्यावर केलं. तसं सात वेळा. मी पुसत राहिले. मॅडमनी सांगितलं होतं रागवायचं नाही, मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी गजर वाजला की ती कान धरून कोपऱ्यात जायला लागली. तिथेच थांबायला हवं होतं. मला सांगितलेलं होतं, ताई. घाबरायला लागली की थांबा. मला वाटलं, आज थांबले तर उद्या पुन्हा पहिल्यापासून.

बुधवारी सकाळी सहाला उठल्यापासून तिने लघवी केली नाही. मी सरबत पाजत होते. दहा वाजले, बारा वाजले. पोट हाताला घट्ट लागत होतं. तिला लागली होती, पाय आवळत होती, पण खुर्चीवर बसवलं की सोडायची नाही, आणि मी बाहेरही करू देत नव्हते. अडीच वाजता मी तिला न्हाणीत नेलं आणि आतून कडी लावली. मनात म्हटलं, आता होईपर्यंत उघडायची नाही.

तिला खुर्चीवर बसवून मी खांदे दाबून धरले. ती उठायची, मी दाबायची. ती ओरडत नव्हती, तेच वाईट होतं. तिने स्वतःचं मनगट तोंडात धरलं आणि चावायला लागली. ते सोडवायला गेले तर मला चावली. खरचटलं म्हणून लिहिलं होतं ते हे. मग मी ओरडले. काय ओरडले ते मी लिहिणार नाही. आपल्या आईने आपल्याला कधी असं म्हटलं नव्हतं.

बाहेरून सासूबाई दार वाजवत होत्या. "पूनम, कडी काड."

मी म्हटलं, "आई, तुम्ही जा. आत्ता होईल."

"न्हाय व्हणार. मी सांगते न्हाय व्हणार. कडी काड गं."

मी काढली नाही. किती वेळ ते माहीत नाही. नळ गळत होता आणि आम्ही दोघी त्या एवढ्याशा जागेत होतो. मला असं वाटलं की आता आम्ही इथून कधीच बाहेर पडणार नाही, मी म्हातारी होईन आणि हिचे खांदे असेच धरलेले असतील. मग ती थरथरायला लागली. तापातल्यासारखी. तेव्हा मी कडी काढली.

सासूबाईंनी तिला उचललं. त्यांच्या कमरेला दुखतं, त्या घागर उचलत नाहीत. त्यांनी तिला रस्त्यापर्यंत नेलं आणि रिक्षा थांबवली. मी मागून अनवाणी.

म्हसळ्याच्या डॉक्टरांनी पोट बघितलं. म्हणाले, नळी घालावी लागेल, पण आधी एक सांगा, हिला कशात करायची सवय आहे? सासूबाईंनी त्यांच्या कापडी पिशवीतून डायपर काढला. घरातून निघताना त्यांनी तो घेतला होता. ज्या बाईने दोन वर्षं डायपरवरून मला बोलायचं बाकी ठेवलं नाही, तिने तो स्वतः प्राप्तीला चढवला, टेप उलट्या लावल्या, आणि म्हणाली, "जा बाय, तुला जावं वाटंल तितं जा."

प्राप्ती डॉक्टरांच्या दारामागे जाऊन उभी राहिली. भिंतीकडे तोंड करून. दोन मिनिटांत डायपर फुगून खाली आला. ती तिथेच खाली बसली आणि तिला झोप लागली.

परत येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "हर्षदला न्हाय सांगायचं." मी सांगितलं नाही. मॅडमनाही नाही. तुलाही नाही. आता सांगितलं.

तिच्या मनगटावर दात उमटले होते ते आता गेलेत. पण न्हाणीच्या दाराजवळून जाताना ती माझा हात धरत नाही. सासूबाईंचा धरते.

पूनम


म्हसळा, ४ मे २०२५

कमळताई,

तुझं पत्र मार्चातच मिळालं, उत्तराला उशीर झाला. पाच ओळींचं. मी ते तांदळाच्या डब्यावर उभी राहून वाचलं, वरच्या फळीवर लपवायचं होतं म्हणून, आणि मग तिथेच बसले.

तू लिहिलंस की तेराव्याचा ताप खोटा आहे हे तुला तेव्हाच कळलं होतं. आबा गेले त्या दिवशी दारामागे ओलं होतं आणि माझा पदर भिजलेला होता, असं लिहिलंस. म्हणजे तू बघितलं होतंस. "मला सांगितलं असतंस तर काकूला मी उठवलं असतं. न सांगता गेलीस याचा राग आला." ताई, मला वाटत होतं की तू लाजलीस.

आणि तू लिहिलंस, मॅडमना खरं सांग, त्यांना खोटं सांगितलंस तर त्या खोट्यावरच उपाय करतील. मी गेले. सगळं सांगितलं, कडीसकट. मला वाटलं होतं त्या दुसरीकडे जा म्हणतील. त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "ती घरात डायपरमध्ये करते तेव्हा कुठे असते?"

मी म्हटलं, पडवीत, मोठ्या दाराच्या मागे. नेहमी तिथेच. भिंतीकडे तोंड करून.

"म्हणजे तिला आधी कळतं. ती जागा निवडते, तिथपर्यंत थांबते. अर्धं तिला येतंय, पूनमताई. आपण तिला तिथून ओढून काढत होतो." त्या "आपण" म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, खुर्ची न्हाणीत नको, त्या दारामागे ठेवा. आधी तिने नुसतं खुर्चीजवळ उभं राहायचं, डायपर घालून. मग डायपर घालूनच बसायचं. मग डायपरला खाली कात्रीने भोक पाडायचं, म्हणजे अंगाला डायपर लागतो पण आतलं खुर्चीत जातं. ते भोक मोठं मोठं करत न्यायचं. तिला धरायचं नाही. उठली तर उठू द्यायचं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडवीत? येनारी-जानारी मानसं तितं बसतात. पाव्हना आला तर काय दाखवू, संडास?"

मी म्हटलं, "आई, मग रोज दवाखान्यात न्यायचं का तिला, तिथल्या दारामागे?" असं मी त्यांना पहिल्यांदाच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दारामागे त्यांचं जुनं लुगडं दोरीवर टांगलेलं, आडोसा म्हणून. पोलीस पाटील आले तेव्हा त्या लुगड्याकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "नात हाय आत. तुमी चा घ्या."

आता दीड महिना झाला. ती खुर्चीवर डायपर घालून बसते, गेल्या आठवड्यापासून त्याला बारीक भोकही पाडते मी. माझ्याजवळ नाही. सासूबाई समोर तांदूळ निवडत बसतात आणि ती सूप बघत बसते. मी स्वयंपाकघरातून ऐकते. मी जवळ गेले की ती उठते. मॅडम म्हणतात, वेळ द्या. देते.

पण खोटं कशाला सांगू, मला अजून कोंडल्यासारखंच होतं. आधी अर्ध्या तासाचा गजर होता, आता गजर नाही, तर दिवसालाच शेवट नाही. खुर्ची, लुगडं, चूल, विहीर. नऊ पावलं इकडे, अकरा तिकडे. दर शनिवारी हे आल्या आल्या विचारतात, "सुटला का?" मी म्हणते, नाही. मग ते टीव्ही लावतात. भोक पाडलेला डायपर त्यांनी बघितला आणि म्हणाले, हे काय चाललंय. मी सांगितलं तर म्हणाले, जून आला.

मला जूनची भीती वाटते. बालवाडीत घेणार नाहीत. रोह्याला नेणार नाहीत. आणि ही खुर्चीवरून उठून दुसरीकडे कधी जाईल ते कुणालाच ठाऊक नाही.

पूनम


म्हसळा, १२ जून २०२५

कमळताई,

तुझं दुसरं पत्र मी चार दिवस रोज काढून वाचत होते. तू लिहिलंस, "प्राप्तीला माझ्या अंगणवाडीत आण. डायपर घालून आण. मी आणि मदतनीस बघतो. पोरांना काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही दोघी माझ्याकडे राहा, सहा महिने, वर्ष, हवं तेवढं."

मला आधी वाटलं, हो म्हणावं. मग वाटलं, लोक म्हणतील नवऱ्याला सोडून बहिणीकडे गेली. मग वाटलं, मी नुसती एका घरातून उठून दुसऱ्या घरात बसायला चालले आहे का?

पहिली बातमी ऐक. २९ मे, गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमाराला प्राप्तीने खुर्चीत लघवी केली. डायपर होता, पण भोक तळहाताएवढं झालं होतं, म्हणजे खुर्चीतच. सासूबाईंनी ओरडून हाक मारली नाही. नुसतं म्हणाल्या, "पूनम, येऊन बघ, पर धावू नको." मी हळू गेले. प्राप्ती खाली वाकून खुर्चीत बघत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त दमल्यासारखं झालं. मी चुलीपुढे जाऊन बसले. त्यानंतर चार वेळा झालं, आणि कितीतरी वेळा नाही. शी मात्र ती अजून डायपरमध्येच करते, आणि उभी राहूनच.

गेल्या शनिवारी हे आले. त्यांनी "सुटला का" विचारायच्या आधी मी सांगितलं, "सोळा तारखेपासून मी प्राप्तीला घेऊन तळ्याला ताईकडे जाणार. तिथे तिला अंगणवाडीत घेतायत."

ते म्हणाले, "आणि रोहा?"

"रोह्याला यायला तुम्ही अट घातली आहे. ती अट तिच्याच्याने पुरी होणार नाही. एवढ्यात तरी नाही. तुम्ही शनिवारी तळ्याला या."

"लोक काय म्हणतील?"

सासूबाई चुलीजवळ होत्या. तिथूनच म्हणाल्या, "लोकांची पोरं लोक धुतात. तू लेकीला एकदा तरी धुतलंस का?"

हे उठले. बाहेर जाऊन अंगणात उभे राहिले. मला वाटलं, आता निघून जातील. मग फेब्रुवारीत काय झालं ते मी अंगणात जाऊन त्यांना सांगितलं. सासूबाईंनी नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. कडी मी लावली हेही. तुम्हाला रजा मिळाली नाही, मी एकटीच होते हेही. ते ऐकत होते. एकदा म्हणाले, "मला कळवायचं तरी." मी म्हटलं, "कळवून काय झालं असतं?"

रविवारी सकाळी ते स्वतःच म्हणाले, "मी बसू का तिच्याजवळ?"

मी सांगितलं, समोर बसा, बोलू नका, धरू नका, उठली तर उठू द्या. ते लुगड्याच्या आत जाऊन बसले. लुंगी गुडघ्यापर्यंत घेऊन, जमिनीवर. सासूबाईंनी सूप त्यांच्या हाती दिलं. त्यांना तांदूळ निवडता येत नाहीत, नुसते या बाजूने त्या बाजूला करत होते.

आणि मला काय करावं तेच सुचेना. भांडी घासलेली होती. पाणी भरलेलं होतं. मी मागच्या आंब्याखाली जाऊन उभी राहिले. ताई, चार वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या लेकीचं काय चाललंय याकडे कान न देता उभी होते. पाच मिनिटं बरं वाटलं. मग रडू आलं. मोठ्यांदा नाही.

पाऊण तासाने ते बाहेर आले. म्हणाले, "केलं नाही." मग थोड्या वेळाने, "पण उठली पण नाही. माझा अंगठा धरून बसली होती. एवढा वेळ लागतो?"

मी म्हटलं, "रोज."

दुपारच्या गाडीने ते गेले. जाताना तळ्याचा रस्ता कसा, एसटी किती वाजता, ते विचारून घेतलं. येतील की नाही, सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, येईल. त्यांनी लुगडं धुऊन घडी करून माझ्या पिशवीत घातलंय. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्या भनीकडं आडोसा हाय का न्हाय ते मला काय म्हाईत?"

सोमवारी, सोळा तारखेला, दहाच्या गाडीने पोचू. स्टँडवर एकटीच ये. काकूला सांगू नकोस. प्राप्तीला जोरात हाक मारू नकोस, पहिल्या दिवशी तिच्याकडे बघूही नकोस, ती आपणहून येईल. तिला मऊ भात चालत नाही, उकडलेला बटाटा चालतो, पाव चालतो.

आणि एक मागायचं आहे. आल्यावर आबांचं, काकूचं, माझं, कुणाचंच आधी काही विचारू नकोस. तिच्याजवळ दोन तास बस. मला झोपायचं आहे.

तुझी,
पूनम